मुंबईत चर्चच्या कुठल्या दारी काय मिळतं

घरकाम करणाऱ्या मावशींच्या नवऱ्याला अर्धांगवायू होतो, भाडं थकलं म्हणून कुणाला खोली सोडावी लागते, गावाकडचा ओळखीचा माणूस दादर स्टेशनबाहेर आजारी अवस्थेत सापडतो. अशा वेळी शेजारपाजारचं कुणी ना कुणी सांगतंच, "चर्चमध्ये जा, ते लोक मदत करतात." सल्ला खोटा नाही, पण अर्धवट आहे. कुठल्या चर्चमध्ये, कुणाला भेटायचं आणि काय मागायचं, हे सांगणाऱ्यालाही माहीत नसतं. मग भायखळ्याच्या आशादान आश्रमात रेशन मागायला गेलेला हात हलवत परततो आणि चर्चच्या कार्यालयात आजारी म्हाताऱ्याला घेऊन गेलेलाही. "नुसतं नाव मोठं," असं म्हणून दोघंही तो नाद सोडून देतात. त्यांनी गरज सांगितली ती खरीच, फक्त चुकीच्या दारी.

सर्वांत आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कॅथलिक चर्च म्हणजे एका साहेबाच्या हुकमावर चालणारं ऑफिस नव्हे. मुंबईच्या महाधर्मप्रांतात शंभराहून जास्त धर्मग्रामं, म्हणजे पॅरिश, आहेत. प्रत्येकाचं कार्यालय वेगळं, फंड वेगळा, माणसं वेगळी. वसई तर १९९८ पासून स्वतंत्र धर्मप्रांत आहे. शिवाय मदर तेरेसांच्या सिस्टर्स, जेझुइट, डॉन बॉस्कोचे सालेशियन असे कितीतरी संघ आपापल्या संस्था आपल्या पद्धतीनं चालवतात. त्यामुळे आर्चबिशप हाऊसला लांबलचक अर्ज पाठवून कुठल्याशा आश्रमात खाट मिळेल, ही अपेक्षा ठेवू नका. त्या पत्रात गेलेले पंधरा दिवस गरजूच्या अंगावर येतात.

डोक्यावर छप्पर आहे पण घर चालत नाही, अशा कुटुंबानं आपण राहतो त्या भागातल्या चर्चपासून सुरुवात करावी. फादरांना भेटायला हरकत नाही, पण विचारायचं ते सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीबद्दल. मुंबईत तिला सगळे 'एसव्हीपी' म्हणतात. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी ही संघटना सुरू केली. गरिबाच्या घरी स्वतः जायचं, हा तिचा तेव्हापासूनचा मुख्य नियम. सदस्य पाद्री नसतात की पगारी समाजसेवक नसतात. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, शाळेतल्या बाई, नोकरी सांभाळून वेळ काढणारा एखादा तरुण, असे धर्मग्रामातलेच लोक. ते नियमानं बैठक घेतात, आपसांत गुप्तपणे पिशवी फिरवून पैसे गोळा करतात आणि कुणाच्या घरी कोण जाणार ते ठरवतात. कार्यालयात नाव, पत्ता आणि फोन नंबर दिला की शक्यतो दोघंजण घरी येतात.

ही भेट म्हणजे धाड नाही, हे गरजू माणसाला आधी समजावून सांगा. नाहीतर बाई घाईघाईनं घर आवरते, शेजारणीची चादर आणून कॉटवर घालते आणि पाहुण्यांसाठी उसना चहा-साखर आणते. खोटं सांगायचं तिच्या मनातही नसतं, पण घर जसं आहे तसं दिसत नाही. आलेले लोक विचारतात ते साधं असतं. कमावतं कोण, भाडं किती, मुलं कितवीत, कर्ज कुणाचं. औषधाची पाकिटं बघायला मागतात. महिन्याभराच्या गोळ्यांतल्या चारच संपलेल्या असतात आणि पावती दोन महिन्यांपूर्वीची असते, तेव्हा औषध परवडत नाही हे तोंडानं सांगावं लागत नाही. म्हणून पाकिटं, लाइटचं बिल, शाळेची फीची चिठ्ठी आणि रेशनकार्ड एका पिशवीत घालून हाताशी ठेवा. कर्ज लपवू नका. विशेषतः बचतगटाचं आणि सावकाराचं. दिलेलं रेशन कर्जाच्या हप्त्यात जातंय असं नंतर कळलं, तर देणारा दुखावतो आणि पुढच्या महिन्यात पायरी चढायला घेणाऱ्यालाच जड जातं.

एसव्हीपीकडून बहुधा मिळतं ते दर महिन्याचं रेशन, औषधांचा काही खर्च, शाळेची फी, वह्या-पुस्तकं, क्वचित शिलाई मशीन किंवा पावसाळ्याआधी छपराची दुरुस्ती. थकलेलं भाडं एकदम फेडणं, लग्नाचा खर्च, धंद्याला भांडवल, ही त्यांची कुवत नाही. तेव्हा मागताना नेमकं मागा. "काहीतरी मदत करा" म्हणणाऱ्याला काय द्यावं, हा प्रश्न समोरच्यालाच पडतो. त्यापेक्षा "सासूबाईंच्या साखरेच्या गोळ्या आणि धाकट्याची जूनची फी" असं सांगितलं, तर दोन बैठकांत निर्णय होतो. कुटुंब स्वतःच्या पायावर उभं करण्यापर्यंत मजल मारायची असेल, तर महाधर्मप्रांताच्या सेंटर फॉर सोशल ॲक्शन या सामाजिक शाखेचं काम आपल्या भागात आहे का ते त्याच कार्यालयात विचारा. वस्त्यांमधले महिला बचतगट आणि मुलांच्या शिक्षणाला हातभार, ही कामं ती शाखा बघते.

आता बहुतेकांच्या मनात असलेला पण कुणी मोठ्यानं न विचारणारा प्रश्न. आम्ही हिंदू, किंवा बौद्ध, किंवा मुसलमान. आम्हाला देतील का, आणि दिलं तर बदल्यात काही मागतील का? नियम विचाराल तर एसव्हीपी जात-धर्म बघत नाही, आणि सिस्टर्सच्या आश्रमांत तर बहुसंख्य माणसं ख्रिस्ती नसतातच. व्यवहारात धर्मग्रामाच्या यादीत ख्रिस्ती कुटुंबं जास्त दिसतील, कारण ओळखपाळख तिथं असते. त्यात कारस्थान शोधू नये आणि त्यामुळे बिचकूही नये. ओळखीचा एखादा कॅथलिक शेजारी सोबत नेला तर बोलणं लवकर पुढं सरकतं, एवढंच. सिस्टर्स सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करतील, भिंतीवर क्रूस असेल. त्यानं कुणाचा धर्म बदलत नाही. मात्र आश्रमात दाखल करताना त्या माणसाचा धर्म आणि नातेवाइकांचे नंबर नोंदवून घ्यायला सांगा. उद्या काही बरंवाईट झालं, तर अंत्यसंस्कार कुठल्या पद्धतीनं करायचे याची अडचण पडत नाही. एखाद्या संस्थेनं खरोखरच मदतीला अट घातली, तर सरळ नमस्कार करून बाहेर पडा आणि दुसरं दार शोधा. शहरात दारांना तोटा नाही.

बेघर माणसाचं गणित याहून वेगळं. धर्मग्रामाची सगळी रचना पत्त्यावर उभी आहे, आणि इथं पत्ताच नसतो. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत सत्तावन्न हजारांहून जास्त बेघर मोजले गेले. खरा आकडा त्याहून मोठा असावा, असं या क्षेत्रातले लोक तेव्हापासून सांगत आले आहेत. पण 'बेघर' म्हणून सगळ्यांना एका रांगेत बसवणं ही आपली सोय झाली. फुटपाथवर तीन पिढ्या काढलेलं, रोज कामाला जाणारं कुटुंब आश्रमात जायला तयार होत नाही, आणि ते बरोबरच आहे. आश्रमात गेलं की बाई एकीकडे, पुरुष दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. त्या कुटुंबाला ताडपत्री, शाळेत दाखला, आधारकार्ड हवं असतं. चर्चच्या आश्रमांची खरी गरज असते ती वेगळ्या माणसाला: एकटा, आजारी, जखम चिघळलेला, नाव-गाव धड सांगता न येणारा.

असा माणूस दिसला की भावनेच्या भरात त्याला टॅक्सीत घालून थेट आशादानला नेऊ नका. आशादान हे मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीचं भायखळ्याच्या सांकली स्ट्रीटवरचं घर. ते ज्या जागेत आहे ती हिंदुस्तान युनिलिव्हरची (पूर्वीची हिंदुस्तान लीव्हर), आणि १९७६ पासून तिथली देखभाल ही कंपनी बघते. टाकून दिलेली अपंग मुलं, एचआयव्ही असलेले रुग्ण, निराधार म्हातारी माणसं, असे कित्येकजण तिथं राहतात. पण ते हॉस्पिटल नव्हे. रक्तस्राव, ताप, बेशुद्धी किंवा उघडी जखम असेल तर आधी १०८ ला फोन करून सरकारी रुग्णवाहिका बोलवा. ती मोफत असते. माणूस बेवारस असेल तर ११२ वर पोलिसांनाही कळवा. जवळच्या पालिकेच्या हॉस्पिटलात, म्हणजे केईएम, नायर, सायन किंवा कूपरमध्ये, त्याला दाखल होऊ द्या. केसपेपरवर 'अनोळखी' असं लिहिलं गेलं तरी चालेल, उपचार अडत नाहीत.

पुढचं पाऊल बहुतेकजण विसरतात. दाखल केलं, पुण्य पदरात पडलं, आपण घरी. आठ-दहा दिवसांनी त्या माणसाला डिस्चार्ज मिळतो आणि तो पुन्हा त्याच फुटपाथवर, आता टाके घातलेल्या पायासह. म्हणून दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटलातल्या समाजसेवा विभागात जाऊन तिथल्या मेडिकल सोशल वर्करना भेटा. माणूस कुठं सापडला, काय बोलला, आपला नंबर, हे लिहून द्या. कुठल्या आश्रमात सध्या पुरुषांची खाट आहे, कुठं बायकांची, कोण क्षयरोगी घेतं आणि कोण घेत नाही, ही माहिती त्यांच्याकडे असते. सिस्टर्सनाही हॉस्पिटलची डिस्चार्जची कागदपत्रं आणि पोलिसांची नोंद असलेला माणूस घेणं सोपं जातं, कारण बेवारस माणूस ठेवून घेण्यात कायद्याची जोखीम असते. आधी फोन करूनच जा. मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या घरांत गुरुवार बहुधा प्रार्थनेचा असतो, त्या दिवशी बाहेरच्यांना भेटत नाहीत. 'जागा नाही' हे उत्तर मिळालं तर ते बहुतेक वेळा खरंच असतं. वाद घालण्यापेक्षा "मग कुणाकडे विचारू?" असं विचारावं. एक आश्रम दुसऱ्याचा नंबर देतोच.

आश्रमात काही काळ राहिल्याचा आणखी एक फायदा आहे, जो कुणी सांगत नाही. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या किंवा अनाथाश्रमाच्या प्रमुखानं ठरलेल्या नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र आधारसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं. आधार झालं की पुढं रेशनकार्ड, बँकेचं खातं आणि सरकारी आरोग्य योजना यांची वाट मोकळी होते. म्हणून माणूस बरा होऊन निघायच्या आत सिस्टरांना नम्रपणे विचारा, की हे प्रमाणपत्र तुमच्याकडून मिळेल का. निवाऱ्याबद्दल बोलतोय तर हेही सांगायला हवं, की मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक चोवीस तासांचा निवारा असावा, असे आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच दिलेले आहेत. ही जबाबदारी पालिकेची. सिस्टर्स आहेत म्हणून पालिका सुटली असं होऊ देऊ नका. वॉर्ड ऑफिसात निवाऱ्याची चौकशी करणं हे मदतीइतकंच उपयोगी काम आहे.

साठी ओलांडलेल्या आणि खरोखर निराधार माणसांसाठी लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर यांचे वृद्धाश्रम आहेत. मुंबईत अंधेरी पूर्वेला महाकाली रोडवर आणि पुण्यात कॅम्प भागात. १८३९ मध्ये फ्रान्समध्ये जान जुगाँ या बाईनं एका आंधळ्या म्हातारीला स्वतःच्या बिछान्यावर निजवलं, तिथून हा संघ सुरू झाला. मुलगा अमेरिकेत असलेल्या, पेन्शनवर राहणाऱ्या आजोबांसाठी ही जागा नाही. पैसे भरून राहता येईल असे वृद्धाश्रम शहरात पुष्कळ आहेत. गरिबाच्या खाटेवर आपल्या माणसाला बसवायला ओळख लावणारे महाभाग आपल्यात कमी नाहीत, म्हणून हे स्पष्ट लिहिलं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइनही आहे. कुटुंबानं घराबाहेर काढलं असेल तर आधी तिथं फोन करा. कारण असे आई-वडील निराधार नसतात. मुलांकडून पोटगी मागण्याचा त्यांना कायद्यानं हक्क आहे.

मुलांच्या बाबतीत मात्र कुणाच्याही दारी परस्पर जायचं नाही. स्टेशनवर एकटं मूल सापडलं तर १०९८ फिरवा. बालन्याय कायद्याप्रमाणे अशा मुलाला प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढं उभं करावं लागतं, आणि ते कुठं राहील हे समिती ठरवते. वडाळ्याचं डॉन बॉस्को शेल्टर १९८७ पासून रस्त्यावरच्या मुलांसाठी काम करतंय. जेझुइटांचं स्नेहसदन तर १९६२ पासून. स्नेहसदनची पद्धत मला विशेष आवडते. मोठ्या वसतिगृहाऐवजी छोटी घरं, आणि प्रत्येक घरात आई-बाबांसारखं एक जोडपं. पण याही संस्थांना समितीच्या आदेशाशिवाय मूल ठेवून घेता येत नाही. आणखी एक: "मदर तेरेसांच्या आश्रमातून मूल दत्तक मिळतं का?" असं अजूनही विचारलं जातं. मिशनरीज ऑफ चॅरिटीनं २०१५ मध्येच दत्तक देणं बंद केलं. दत्तकासाठी केंद्र सरकारच्या 'कारा' या संस्थेकडे ऑनलाइन नोंदणी करणं हाच रस्ता.

एसव्हीपीच्या लोकांना विचारलंत, की घरं कशानं बुडतात, तर दारूचं नाव फार मागं राहणार नाही. रेशन कितीही दिलं तरी ते घर उभं राहत नाही. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेली कृपा फाउंडेशन व्यसनमुक्तीचं काम करते. फादरांना २००९ मध्ये पद्मश्री मिळाली. दाखल करण्याआधी खर्चाचं स्पष्ट बोला, परिस्थिती नसेल तर तसं सांगा. पिणाऱ्याची तयारीच नसेल तर बायकोनं एकटीनं अल-ॲनॉनच्या, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच्या, बैठकीला जावं. अशा बैठका कितीतरी चर्चच्या हॉलमध्ये भरतात, फी नसते, आडनाव कुणी विचारत नाही. नवरा सुधारेपर्यंत स्वतः कसं जगायचं, हे तिथं कळतं.

हॉस्पिटलच्या बिलासाठी फादरांकडं हात पसरण्यापूर्वी कायद्यानं जे मिळतं ते घ्या. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. वांद्र्याचं होली फॅमिली आणि अंधेरीचं होली स्पिरिट ही सिस्टर्सची हॉस्पिटलंही ट्रस्टचीच. वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड सोबत हवं. ही सवलत दाखल होतानाच मागायची, बिल हातात पडल्यावर नव्हे. काउंटरवरचा माणूस 'स्कीम बंद आहे' म्हणाला तर तिथल्या समाजसेवकाला भेटा, आणि तिथंही दाद लागली नाही तर वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करा. 'सिस्टर आहेत, त्यांच्याशी काय भांडायचं' असा संकोच इथं नको. ही भीक नाही.

घरकाम करणाऱ्या बायकांसाठी बेल्जियमहून आलेल्या सिस्टर जान देवोस यांनी १९८५ मध्ये नॅशनल डोमेस्टिक वर्कर्स मूव्हमेंट उभी केली. पगार बुडवला, चोरीचा आळ घेतला, मालकानं अंगावर हात टाकला, अशा वेळी या संघटनेची साथ मोलाची ठरते. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. आपल्या घरी येणाऱ्या मावशींची त्या मंडळात नोंदणी झाली आहे का, हे त्यांना आजच विचारा. त्यासाठी चर्चमध्ये जायचीही गरज नाही.

राहिला प्रश्न देणाऱ्यांचा, म्हणजे तुमचा-माझा. लग्नातलं उरलेलं जेवण रात्री अकराला आश्रमाच्या फाटकावर नेऊन "घ्या, गरिबांना वाटा" म्हणणं बंद करा. सिस्टर्सकडे तो स्वयंपाक तपासायला माणसं नसतात आणि तीनशे लोकांना जुलाब झाले तर निस्तरायचं त्यांनाच. फाटक्या साड्या आणि चेन तुटलेल्या बॅगाही नकोत. फोन करून विचारलंत तर मोठ्यांचे डायपर, फिनेल, तूरडाळ, तेल अशी यादी ऐकायला मिळेल. वाढदिवसाला मुलांबरोबर केक कापून फोटो काढायचा हट्टही सोडा. पैसे देणार असाल तर पावती घ्या, आणि करसवलत हवी असेल तर ८०जीचं आधीच विचारा.

आणि महिना बघून द्या. नाताळात सगळ्यांनाच गरीब आठवतात, डिसेंबरमध्ये चर्चच्या पेट्या भरतात. खरी ओढाताण मे-जूनमध्ये असते. शाळा सुरू होतात, पाऊस येतो, फुटपाथवरचे आजारी पडतात आणि छपरं गळतात. वर्षातून एकदाच द्यायचं असेल तर जवळच्या चर्चच्या एसव्हीपीला ते मे महिन्यात द्या.